खेळायची वर्षं

कबड्डीत मी उजव्या कोपऱ्यावर खेळायचे. कोपऱ्यावरच्या मुलीचं काम ठरलेलं असतं. चढाईला आलेलीचा पाय आपल्या बाजूला जरा रेंगाळला की खाली झेपावून घोटा धरायचा आणि शिट्टी वाजेपर्यंत सोडायचा नाही. अंगावर तिघी-चौघी कोसळल्या, कोपर सोललं, तोंडात माती गेली, तरी सोडायचा नाही. गावातल्या शाळेच्या मैदानावर हे माझ्या हातात इतकं मुरलं होतं की पुढे पुण्यात कॉलेजला गेल्यावर रग्बीच्या सरावाला उभी राहिले, तेव्हा मी अडले ती तिथेच. कारण रग्बीत धरलेलीला सोडावं लागतं, आणि तेही लगेच.

चेंडू घेऊन पळणारी टॅकल होऊन जमिनीवर आली की टॅकल करणारीने तिला तत्क्षणी मोकळं करायचं, बाजूला सरायचं, आपल्या पायांवर उभं राहायचं आणि मगच चेंडूला हात घालायचा. पडलेलीनेही चेंडू कवटाळून बसायचं नाही. कबड्डीत पकड पूर्ण झाली की खेळ थांबतो, रग्बीत पकडीनंतर खेळ सुरू होतो. त्या दोन-तीन सेकंदांत कोण आधी उठतं यावर चेंडू कोणाचा ते ठरतं. मी धरून ठेवायचे. सर ओरडायचे, पेनल्टी जायची, म्हणजे समोरच्या संघाला सरळ तीन गुणांची संधी. हात सैल सोडायला शिकण्यात माझा तो पहिला पावसाळा गेला.

बाकीचं मात्र पटकन आलं. खाली वाकून जाणं, अंग आपटायची भीती नसणं, समोरचीच्या कमरेकडे बघून ती कुठे वळणार ते ओळखणं, हे कबड्डीनेच दिलेलं होतं. फक्त डोकं कुठे ठेवायचं ते नव्याने शिकावं लागलं. घोटा धरताना कबड्डीत डोकं कुठेही गेलं तरी चालून जातं, कारण समोरची साधारण उभी असते किंवा मागे सरकत असते. रग्बीत ती पूर्ण वेगाने अंगावर येते. डोकं तिच्या पुढ्यात राहिलं तर तिचा गुडघा किंवा कंबर कानशिलावर बसते. म्हणून डोकं तिच्या मागच्या बाजूला, गाल तिच्या कमरेला चिकटलेला, खांदा मांडीत रुतलेला, आणि मग दोन्ही हात आवळून पाय चालवत राहायचं. खांद्याच्या वर हात गेला की पेनल्टी, जोरात लागला तर कार्ड. आमच्या सरावाला आलेल्या मुलींत कबड्डीच्या बऱ्याच होत्या, काही खो-खोच्या, काही धावण्याच्या, एक-दोघी ज्युदोच्या. सातवी-आठवीपासून रग्बी खेळत आलेली त्यांत एकही नव्हती. ही गोष्ट मला तेव्हा जाणवली नाही. आज तीच सगळ्यात जास्त जाणवते.

आमचं गाव वरवे बुद्रुक. पुण्याहून कात्रजचा बोगदा ओलांडून, खेड शिवापूर मागे टाकलं की महामार्गालगत येतं. तालुका भोर, खोरं शिवगंगेचं. एकीकडे हॉटेलं, गोदामं, कारखाने, रात्रंदिवस धावणारे ट्रक, आणि दुसरीकडे भाताची खाचरं. कॉलेज संपवून संध्याकाळचा सराव गाठायचा आणि स्वारगेटवरून भोरची एसटी पकडायची, हे माझं वेळापत्रक होतं. सराव उशिरापर्यंत चालला तर कात्रजपर्यंत कोणाच्या तरी गाडीवर आणि पुढे मिळेल ते. चिखलाने भरलेले बूट पिशवीत, अंगाला घामाचा वास, आणि एसटीत शेजारी बसलेल्या बाईचा प्रश्न, "कुठं कामाला हायस गं?" मी सांगायचे, खेळायला जाते. त्या माझ्या सोललेल्या कोपराकडे बघायच्या आणि सरकून जागा करून द्यायच्या.

पप्पा थांब्यावर गाडी घेऊन उभे असायचे. दिवसभर कारखान्यात उभं राहून आलेला माणूस रात्री पुन्हा महामार्गाच्या कडेला उभा राहायचा. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण मुलींच्या खेळाबद्दल बोलताना जिद्द, मेहनत असे शब्द फार येतात आणि थांब्यावर उभं राहणारं माणूस कोणी मोजत नाही. माझ्याबरोबर सराव सुरू केलेली एक मुलगी होती. ती माझ्याहून वेगवान होती, हात माझ्याहून खात्रीचे होते, चेंडू तिच्या बोटांतून कधी निसटायचा नाही. तिच्या घरी रात्री आणायला जाणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या मोसमात तिचं येणं बंद झालं.

रग्बीचे दोन प्रकार आमच्याकडे खेळले जातात. सात जणींचा सेव्हन्स, त्यात सात-सात मिनिटांचे दोन डाव. आणि पंधरा जणींचा फिफ्टीन्स, त्यात चाळीस-चाळीस मिनिटांचे. ऑलिंपिकमध्ये 2016 पासून सेव्हन्स आहे, त्यामुळे आपल्याकडे स्पर्धा, शिबिरं, पैसा जो काही आहे तो बहुतेक त्यालाच. पण माझ्या अंगाला मानवला तो फिफ्टीन्स. त्यात फ्लँकर म्हणून एक जागा असते. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांच्या फॉरवर्ड एकमेकींना भिडून रेटतात ती रचना, तिच्या कडेला खांदा लावून राहायचं, चेंडू बाहेर पडताच सुटायचं, दिसेल तिला टॅकल करायचं आणि उठून चेंडू ओरबाडायचा. प्रेक्षकांना ट्राय करणारी, म्हणजे रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणारी विंगर दिसते. फ्लँकर दिसते ती तिच्याबरोबर खेळणाऱ्यांना. ऐंशी मिनिटं हे करून मैदानाबाहेर आलं की हात वर करून केस बांधता येत नाहीत. मला ते काम मनापासून आवडतं. चेंडू पुढे फेकता येत नाही, मागेच द्यावा लागतो, त्यामुळे जी पुढे घुसते तिच्यामागे कोणीतरी पळत असावंच लागतं, आणि बऱ्याचदा ती मी असते.

जिल्ह्याच्या संघात मी खेळले, राज्याच्या शिबिरापर्यंत पोचले. देशाची जर्सी मला मिळालेली नाही. पण जून 2019 ची बातमी आली तेव्हा ती मला माझ्या घरातली वाटली. फिलिपिन्समध्ये आशियाई रग्बी स्पर्धेत भारतीय मुलींनी सिंगापूरला 21–19 असं हरवलं. फिफ्टीन्समधला भारतीय महिलांचा तो पहिलावहिला आंतरराष्ट्रीय विजय. आदल्याच वर्षी, 2018 मध्ये, सिंगापूरला त्यांनी या प्रकारातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला होता. कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरुचा. अखेरच्या मिनिटांत ओडिशाच्या सुमित्रा नायकने पेनल्टीची किक मारली आणि दोन गुणांनी सामना आपला झाला. त्याच संघात बिहारची स्वीटी कुमारी होती, मुळातली धावपटू. त्या वर्षी महिला रग्बीला वाहिलेल्या 'स्क्रमक्वीन्स'ने तिला जगातली सर्वोत्तम युवा खेळाडू म्हणून निवडलं. विजयाच्या त्या रात्री आमच्या मुलींच्या ग्रुपवर कोणी झोपलं नाही.

वाहबिझ भरुचा पेशाने फिजिओथेरपिस्ट आहेत. भारताची कर्णधार रुग्ण बघायची, काम सांभाळायची आणि सराव करायची. मला हे कळलं तेव्हा एक मोठा उलगडा झाला. तोवर मला वाटायचं की नोकरी, शेत, घर हे आमच्यासारख्यांच्या खेळाला आलेले अडथळे आहेत, वरच्या पातळीवर गेलं की ते गळून पडत असतील. ते गळत नाहीत. या खेळात आपल्या देशात शिखरावरची बाईसुद्धा उरलेल्या वेळात खेळते. फरक पडतो तो उरलेला वेळ किती वर्षं टिकवता येतो यानेच.

माझा गुडघा गेला त्या दिवशी मला कोणी धक्कासुद्धा मारला नव्हता. सरावात डावीकडे हूल देऊन उजवीकडे वळले, पाय जमिनीत रुतलेला राहिला आणि गुडघा आत वळला. आतून 'टक्' असा आवाज आला, तो मी कानाने ऐकला. एसीएल, गुडघ्याच्या मध्यातलं पुढचं लिगामेंट, पूर्ण तुटलं होतं. पुढे कळलं की मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि बहुतेक वेळा अशीच, कोणी न आदळता. नितंबापासून गुडघ्याकडे येणाऱ्या मांडीचा कोन, उडी मारून उतरताना गुडघे आत कलणं, मांडीच्या मागच्या स्नायूंत ताकद कमी असणं, अशी कारणं सांगतात. त्यांतलं हाडांच्या घडणीचं बदलता येत नाही. उतरायचं कसं, वळायचं कसं आणि ताकद हे तिन्ही शिकवता येतं. त्यासाठी जागतिक रग्बी संघटनेचा 'ॲक्टिव्हेट' नावाचा वॉर्मअप आहे, कोणालाही फुकट मिळतो, वीसेक मिनिटांत होतो. आम्हाला तो तेव्हा कोणी दाखवला नव्हता. लहान वयात मुली मैदानात आल्या असत्या तर हे सगळं त्यांच्या पायांना पाढ्यांसारखं पाठ झालं असतं. अठराव्या वर्षी खेळ सुरू करणारीला टॅकल, पास आणि नियम शिकवण्यातच मोसम संपतो.

शस्त्रक्रियेत मांडीच्या मागचा एक स्नायुबंध काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवतात. पैसे आईने बचत गटातून उचलले, थोडे मामाने दिले. पण कठीण काळ आला तो घरी परतल्यावर. हाती दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, खुर्चीवर बसा, कमोड वापरा, मांडी घालू नका, उकिडवं बसू नका. आमच्या घरात जेवण जमिनीवर, चुलीपुढचं काम जमिनीवर, संडास भारतीय पद्धतीचा, आणि जूनच्या अखेरीस भातलावणी, जी कमरेत वाकून आणि गुडघ्याइतक्या चिखलात उभं राहूनच करायची. खेड्यातली बाई दिवसभर जे करते ते सगळं त्या यादीत निषिद्ध होतं. पप्पांनी भोरहून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि बसायची जागा कापून संडासात ठेवली. आजीने ताट स्टुलावर ठेवून दिलं आणि स्वतः माझ्यासमोर जमिनीवर बसून जेवायला लागली. मला वर आणि तिला खाली बघून घास उतरायचा नाही. ती म्हणायची, "खा गुमान. पाय बरा झाला की बसशील खाली."

मग व्यायाम सुरू झाले. गुडघा सरळ करणं, वाकवणं, भिंतीला पाठ लावून बसणं, पायरी चढणं आणि उतरणं. उतरणं जास्त अवघड असतं. नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, हे मला फिजिओथेरपिस्टने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. बहुतेक मुली याच काळात खेळ सोडतात. गुडघा बरा होतो, पण तोवर घरात स्थळं यायला लागलेली असतात, नोकरी लागलेली असते, सरावाच्या वेळेची सवय मोडलेली असते. खेळ सोडला असं कोणी म्हणत नाही. पुढच्या मोसमात बघू, म्हणतात.

त्या रिकाम्या महिन्यांत मी रग्बीबद्दल मिळेल ते वाचलं. महिलांचा पहिला नोंदलेला आंतरराष्ट्रीय सामना 13 जून 1982 ला नेदरलँड्समध्ये, उट्रेख्टला झाला. नेदरलँड्स विरुद्ध फ्रान्स. फ्रान्सने तो 4–0 असा जिंकला. तेव्हा ट्रायला चार गुण असत, आज पाच आहेत, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकच ट्राय. त्या तीस डच आणि फ्रेंच बायकांचा मी पुष्कळ विचार केला. त्यांच्याआधी जगात कुठे बायकांचा रग्बी संघ देशाच्या नावाने खेळल्याची नोंद नव्हती. सोमवारी त्याही कुठल्या कुठल्या कामावर गेल्या असतील. नऊ वर्षांनी, 1991 मध्ये, वेल्समध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला, तोही लंडनच्या रिचमंड क्लबच्या चार बायकांनी भरवला. आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्यता दिली नव्हती. संघांनी आपापला खर्च केला. सोव्हिएत संघाच्या मुली तर खर्च भागवण्यासाठी व्होडका आणि इतर माल विकायला घेऊन आल्या होत्या. संघटनेची मान्यता मिळालेला पहिला विश्वचषक 1998 चा, पुन्हा नेदरलँड्समध्येच, आम्स्टरडॅमला. आणि सप्टेंबर 2025 मध्ये लंडनच्या ट्विकनहॅमला इंग्लंड-कॅनडा अंतिम सामना बघायला 81,885 लोक बसले होते. रिचमंडच्या त्या चौघींपैकी डेबोरा ग्रिफिन त्याच वर्षी इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या बाई.

यातला मला भिडलेला भाग त्यांच्या टिकण्याचा आहे. ग्रिफिनबाई 1991 मध्ये स्पर्धा भरवून थांबल्या असत्या तर कोणी नावं ठेवली नसती. हा सगळा इतिहास बाहेरचा असला, तरी रग्बी आपल्या देशाला परकी आहे असं मला कोणी सांगू नये. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही ज्या कलकत्ता कपासाठी खेळतात, तो 1878 मध्ये कलकत्त्याच्या रग्बी क्लबने बँकेतले आपले 270 चांदीचे रुपये वितळवून घडवला. मुठी नागाच्या आणि झाकणावर हत्ती. चांदी इथली, खेळणारे साहेब. आता ओडिशाच्या, बिहारच्या, महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या मुली खेळतात, आणि याचा मला अभिमान आहे.

मी मैदानावर परतले. लग्नही झालं. सासर वेल्ह्याकडचं, आता त्याला राजगड तालुका म्हणतात. बघायला आले तेव्हाच मी सांगितलं होतं की रविवारी सामना असेल तर मी जाणार, आणि भातलावणीत मी असणार पण स्पर्धा आली तर नसणार. माझे यजमान ऐकून घेत होते. सासूबाईंनी, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, एकच विचारलं, "गुडघ्याला परत काय झालं तर कोण बघणार?" मला तो प्रश्न आवडला. त्यांनी खेळाबद्दल नाही, गुडघ्याबद्दल विचारलं होतं.

खरा पेच पडला मंगळसूत्राचा. रग्बीत अंगावर कुठलाही दागिना चालत नाही. अंगठी, कानातलं, साखळी, काचेच्या बांगड्या, सामन्याआधी तपासतात आणि काढायला लावतात. ते बरोबरच आहे, गळ्यातल्या साखळीत बोट अडकलं तर बोटही जाईल आणि गळाही कापेल. पण आमच्या भागात सवाष्ण बाईने गळा मोकळा ठेवून चारचौघांत फिरणं म्हणजे घरात वाद. माझ्या माहितीतल्या दोघी लग्नानंतर थांबल्या त्या याच कारणाने. बाहेरून बघणाऱ्याला ते क्षुल्लक वाटेल. सासरी नवीन असलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला ते क्षुल्लक नसतं. आत्यांना मी सगळं समजावून सांगितलं, टॅकलमध्ये हात कुठून कुठे जातात ते उभं राहून दाखवलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आदल्या रात्री देव्हाऱ्यात ठेवत जा, आलीस की घालत जा. आता तसंच होतं. शेजारणी विचारतात तेव्हा आत्याच उत्तर देतात.

रविवारी सामना नसला की मी माहेरी येते आणि गावातल्या मुलींना शिकवते. भात निघाल्यावर खाचर मोकळं होतं, पण धसकटं टोचतात, म्हणून आम्ही शाळेच्या मैदानावरच असतो. आधी 'ॲक्टिव्हेट'मधले उतरण्या-वळण्याचे व्यायाम, मग पडायला शिकणं, मग चेंडू. सगळ्यात लहान मुलगी दहा वर्षांची आहे. तिला चेंडू मागे फेकायची इतकी सवय झाली आहे की शाळेत बास्केटबॉलही ती तसाच देते. ऑगस्ट 2025 मध्ये बिहारमध्ये राजगीरला वीस वर्षांखालच्या आशियाई सेव्हन्स स्पर्धेत भारतीय मुलींनी उझबेकिस्तानला 12–5 हरवून कांस्य मिळवलं. ते मी या मुलींना मोबाइलवर दाखवलं. स्पर्धेतल्या त्या खेळाडू विसाच्या आतल्या आहेत आणि त्यांच्यापुढे खेळायची दहा-बारा वर्षं आहेत, हे मी गावातल्या मुलींना मोजून सांगितलं.

पालकांचा प्रश्न नोकरीचा असतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. मी खोटी आशा लावत नाही. पात्रतेच्या अटी वाचून दाखवते, रग्बीवर लगेच नोकरी लागेल असं कधीच म्हणत नाही. मी मागते ती वर्षं. मुलगी अकरावीला गेली की क्लास, बारावीला परीक्षा, पदवीला गेली की स्थळं, असं करत खेळायचं वय संपतं. फ्लँकरसारखी फॉरवर्डला खेळणारी बाई पंचविशीनंतर खरी तयार होते. अंगात ताकद येते, खेळ वाचता येतो, कुठे जायचं नाही ते कळतं. माझ्या गुडघ्यात दुसरीकडचा स्नायुबंध आहे आणि तरी मी आज विसाव्या वर्षापेक्षा चांगली फ्लँकर आहे. नेमक्या याच वयात आमच्याकडे मैदान रिकामं होतं.

मागच्या महिन्यात एका मुलीचे वडील भेटायला आले. पोरगी तेरा वर्षांची, पाय दणकट, नजर तेज. त्यांचं म्हणणं, दहावीपर्यंत खेळू दे, पुढे अभ्यास. मी विचारलं, "आणि दहावीनंतर?" ते म्हणाले, "ते दहावीनंतर बघू, ताई." मी म्हटलं, नाही, ते आत्ताच बोलू. येणं-जाणं कसं होईल, रात्री थांब्यावर कोण येईल, दुखापत झाली तर पैसे कुठून काढायचे, लग्नाचा विषय निघाला तर तिच्या बाजूने काय सांगायचं. त्यांनी गाडी स्टँडवर लावली, मी मैदानाच्या कट्ट्यावर जागा केली, आणि आम्ही पहिल्या मुद्द्यापासून बोलायला सुरुवात केली.